आधारगटातील विश्वासाची ठेव

मुंबईत किंवा पुण्यात, एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात अथवा चर्चच्या आवारातील खोलीत, संध्याकाळी दहा-पंधरा माणसे खुर्च्या मांडून बसतात. त्यांपैकी एक जण आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यासक्त असल्याचे सांगतो आणि बोलू लागतो. आडनाव, गाव, नोकरी कोणी विचारत नाही. हजेरीपट नसतो, वर्गणीची पावती नसते. तास-दीड तासाने सगळे उठतात, खुर्च्या भिंतीशी लावतात आणि निघून जातात. बोललेल्या शब्दांचा मागे कागदही उरत नाही.

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीची ही रीत. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी तिचा आरंभ झाला आणि १९५७ पासून ती भारतात आहे. तिच्या नावातच अनामिकतेचा उच्चार आहे. १९५० मध्ये क्लीव्हलँड येथील अधिवेशनात तिने ज्या बारा परंपरा स्वीकारल्या, त्यांतील शेवटची परंपरा अनामिकता हाच साऱ्याचा आध्यात्मिक पाया मानते. दोन संस्थापकांपैकी एक शेअर बाजाराशी संबंधित व्यावसायिक होता. तो चळवळीत आणि जगात केवळ ‘बिल डब्ल्यू.’ म्हणून वावरला. वृत्तपत्रांनी त्याचे पूर्ण नाव छापले ते १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. यात नम्रतेचा भाग होता, तसाच व्यवहाराचाही. व्यसनाची कबुली बाहेर गेली तर नोकरी जाईल, या धास्तीने माणूस खोलीच्या उंबरठ्यावरूनच परत फिरला असता.

‘समदुःखी माणसाशी बोलल्याने बळ येते’ ही कल्पना पुढे इतर दुखण्यांकडेही गेली. महाराष्ट्रात तिने चांगले मूळ धरले आहे. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट आहेत. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा सुंदर प्रघातही मराठीत अशा गटांमधून रुळला. गेल्या दहा-बारा वर्षांत असे असंख्य गट मोबाइलवर आले आणि २०२० च्या टाळेबंदीत तर जे उरले होते तेही आले. त्याचा लाभ उघड आहे. अंथरुणाला खिळलेल्या पतीला सोडून जी गृहिणी तासभरही बाहेर पडू शकत नाही, तिला रात्री अकरा वाजता कोणी तरी उत्तर देते. थॅलेसेमिया झालेल्या मुलाच्या आईला आपल्या तालुक्यात दुसरी तशी आई भेटत नाही. फोनवर तिला शंभर भेटतात. आजाराची लाज वाटणाऱ्यांना तर हा उंबरठा फारच ठेंगणा वाटतो.

मात्र खोलीतून फोनवर येताना एक गोष्ट हरवली. खोली विसरत असे. फोन विसरत नाही.

या गटांत नेमके काय जपायचे असते, याचा उलगडा अमेरिकेतील एका घटनेने चांगला होतो. ‘बीआरसीए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन जनुकांत दोष असल्यास स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. असा दोष आढळलेल्या स्त्रियांना कठोर निर्णय घ्यावे लागतात : शस्त्रक्रिया आधीच करून घ्यायची का, मुले कधी होऊ द्यायची, बहिणीला सांगायचे की नाही. फेसबुकवर अशा स्त्रियांचे ‘बंद’ गट होते. अनोळखी माणसाला तेथील मजकूर दिसत नसे आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे सदस्य स्त्रिया समजून होत्या. २०१८ च्या वसंतात, केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण गाजत असताना, अशाच एका गटातील अँड्रिया डाउनिंग यांना शंका आली आणि त्यांनी माहीतगारांच्या साहाय्याने शोध घेतला. असे दिसून आले की बंद गटातील संभाषण जरी बंद असले, तरी सदस्यांची यादी बाहेरच्याला उतरवून घेता येत होती. एवढेच नव्हे, जाहिरातदारांच्या सोयीसाठी हे काम झटपट करणारे एक साधनही बाजारात होते. कंपनीला कळवल्यानंतर त्याच वर्षीच्या जूनअखेर ही वाट बंद झाली.

वरवर पाहता यादी ती काय? तीत आजाराचा एकही अहवाल नव्हता. परंतु ज्या गटात केवळ जनुकीय दोष असलेल्या स्त्रियाच जमतात, त्या गटाची नामावली हाच अहवाल ठरतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्यविमा नाकारण्यास व नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे; आयुर्विम्याला मात्र तो कायदा लागू नाही. विमा व्यवसायाची ज्याला थोडीशीही ओळख आहे, त्याला त्या यादीचे मोल वेगळे सांगायला नको. त्या देशात वैद्यकीय गोपनीयतेचा जो प्रसिद्ध कायदा आहे, तो डॉक्टर, रुग्णालये व विमा कंपन्या यांना बांधतो. रुग्णांनी आपापसांत चालवलेल्या गटाला तो शिवत नाही.

टोपणनाव घेतले म्हणजे भागते, हा दुसरा समज. ‘पेशंट्सलाइकमी’ नावाच्या संकेतस्थळावर रुग्ण आपले आजार, औषधे व मनःस्थिती यांविषयी लिहीत असत. मे २०१० मध्ये त्याच्या चालकांना आढळले की एक सदस्य यंत्राच्या वेगाने मनोविकारांच्या विभागातील मजकूर उतरवून घेत आहे. हा ‘सदस्य’ म्हणजे औषध कंपन्यांना बाजाराची माहिती विकणाऱ्या नील्सन या बड्या संस्थेचा हस्तक होता. संस्थेने पुढे हा प्रकार थांबवल्याचे सांगितले. नैराश्याविषयी मोकळेपणाने लिहिणाऱ्या एका सदस्याने टोपणनाव घेतले होते खरे, पण त्याच पानावर त्याने आपल्या अनुदिनीचा दुवा दिला होता आणि अनुदिनीवर त्याचे खरे नाव होते! संकेतस्थळाने सदस्यांना घडला प्रकार कळवला. त्याच वेळी, आपण स्वतःही नावे वगळून ही माहिती विकतो, याची आठवण करून दिली. तेव्हा दोनशेहून अधिक लोक सोडून गेले. पहिल्या बातमीने दुखावले की दुसऱ्या, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

आपल्याकडे परिस्थिती याहून साधी, आणि म्हणूनच अधिक उघडी आहे. येथील बहुतेक गट व्हॉट्सॲपवर चालतात. त्यावरील संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, ही ग्वाही खरी आहे. पण वाटेवरचा चोर हा येथे मुख्य धोका नाहीच. नेहमीच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येक सदस्याचा भ्रमणध्वनी क्रमांक बाकी सर्वांना दिसतो. कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नाव समोर येते. पैसे पाठवण्याच्या यूपीआय ॲपमध्ये टाकला तर बँकेत नोंदवलेले नाव दिसते. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय आहे आणि आपल्या जागी ती योग्यच आहे. मात्र ‘आशा’ किंवा ‘एक आई’ असे नाव लावून गटात आलेल्या स्त्रीचे टोपणनाव त्यामुळे अर्ध्या मिनिटात गळून पडते.

क्रमांक झाकला तरी तपशील राहतात. लॅटनया स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने २००० साली दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पाच अंकी विभाग-क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून त्या देशातील सुमारे ८७ टक्के लोक एकटे वेगळे काढता येण्याजोगे ठरतात. आपल्यासारख्या लहान समाजात एवढ्याही अंकगणिताची गरज नसते. ‘तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान आहे, धाकटा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि दोन वर्षांपूर्वी मोठीचे लग्न मोडले’, एवढे कोणी लिहिले की वाचणाऱ्या चार घरांतील एका घरी तरी आडनाव उच्चारले जाते. आणि मग प्रश्न निघतो तो बहुधा स्थळाचा. मुलाला फिट्स येतात, आत्या मनोरुग्णालयात होती, वडिलांचे व्यसन सुटून तीनच वर्षे झाली आहेत. यांतली एखादी गोष्ट कानोकानी गेली तर पत्रिका जुळूनही निरोप येत नाही, आणि तो का आला नाही हे कोणी सांगत नाही. नोकरी गेली तर कारण विचारता येते, दादही मागता येते. येथे दाद कोणाकडे मागणार?

गटातून गोष्टी फोडणारा बहुधा दुष्ट नसतो. तो मदत करू पाहणारा असतो. गटातल्या एका ताईंनी लिहिलेला अनुभव आपल्या नणंदेला उपयोगी पडेल, म्हणून एक बाई पडद्याचे छायाचित्र काढून तिला पाठवतात. कोपऱ्यातला क्रमांक पुसायचा राहून जातो. नणंद तो आपल्या भिशीच्या गटात टाकते. तिसऱ्या दिवशी तो मजकूर मूळ लेखिकेच्या सासूबाईंच्या फोनवर येतो, ‘जरूर वाचा’ अशा शिफारशीसह. या साखळीत कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता.

बँकिंगच्या व्यवसायात या मोहाची जाण फार जुनी आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना प्रत्येकाला निष्ठा व गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने ते बंधनकारक केले आहे. त्यामागील तत्त्वाचा दाखला म्हणून आजही १९२४ च्या टूर्नियर खटल्याचे नाव घेतले जाते. इंग्लंडमधील या खातेदाराने नऊ-साडेनऊ पौंडांची उचल थकवली होती. त्याचा पत्ता मिळवण्यासाठी शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलण्याच्या ओघात थकबाकी सांगितली. हा गृहस्थ सट्टेबाजांना पैसे देतो असा आपला संशयही बोलून दाखवला. टूर्नियरची नोकरी पुढे चालू राहिली नाही. खातेदाराची माहिती गुप्त राखणे ही बँकेने न लिहिता केलेल्या कराराचीच अट आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि तिला मोजके चारच अपवाद सांगितले : कायद्याची सक्ती, जनतेप्रति कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती. ‘ओघात सांगितले’ हा त्यांत पाचवा अपवाद नव्हता.

आधारगटातील सदस्याने कोणत्याही घोषणापत्रावर सही केलेली नसते. मग कायदा कितपत पाठीशी उभा राहतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कंपन्यांनी व संस्थांनी संमती कशी घ्यावी, माहिती कशी सांभाळावी हे त्यात आहे. कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. नोंदणीकृत संस्था आपल्या सदस्यांची यादी संगणकावर ठेवत असेल तर तिला हा कायदा पाहावा लागेल. नणंदेला छायाचित्र पाठवणाऱ्या बाईंपर्यंत मात्र त्याचा हात पोहोचणे कठीण आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण त्याचा रोख मुख्यतः उपचार करणाऱ्यांवर आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा तेवढा एक पाऊल पुढे जातो. विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्हीविषयक स्थिती त्याच्या संमतीवाचून ‘कोणत्याही व्यक्तीने’ उघड करू नये, असे तो म्हणतो. त्या आजाराच्या रुग्णांनी जे सोसले, त्यातून ही शब्दयोजना आली आहे. मधुमेह, वंध्यत्व, नैराश्य यांच्यासाठी असे शब्द कोणी लिहिलेले नाहीत.

म्हणून राखणदारी गटालाच करावी लागते, आणि ती सुरू होते गटाच्या नावापासून. ‘कर्करोग आधारगट’ असे नाव असलेला संदेश बंद फोनच्या पडद्यावर झळकला की शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला सारे कळते. ‘गुरुवारचे मंडळ’ म्हटले तर काहीच कळत नाही. हीच गोष्ट वर्गणीची. गटाचे खाते आजाराच्या नावाने उघडले असेल, तर पैसे भरणाऱ्याच्या पासबुकात ते नाव छापून येते, आणि पासबुक भरून आणायला घरातला कोणीही जातो. वर्गणी भरल्याचे यूपीआयचे चित्र गटात टाकण्याची प्रथा तर तत्काळ बंद करावी. त्यात नाव, बँक आणि पुष्कळदा क्रमांकही असतो.

प्रवेशाची रीतही बदलावी लागते. सामान्यतः आधी गटात ओढले जाते आणि मग नियमांचा लांबलचक संदेश येतो. वास्तविक नियम आधी सांगायला हवेत, शक्यतो फोनवर बोलून : तुमचा क्रमांक इतक्या लोकांना दिसेल, येथील मजकूर बाहेर न्यायचा नाही, छायाचित्र काढायचे नाही, चालेल का? गटात आपल्याला कोणी परस्पर घालू नये, अशी सोय व्हॉट्सॲपने २०१९ पासून दिली आहे. ती वापरणारे थोडे. गटाचा आमंत्रण-दुवा जाहीर ठिकाणी कधीच लावू नये. असे कित्येक दुवे गूगलच्या शोधात सापडत असल्याचे फेब्रुवारी २०२० मध्ये उघडकीस आले होते. झूमवरील सभांचा दुवा असाच जाहीर झाल्याने त्या वर्षी अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या सभांमध्ये टवाळखोर घुसले आणि नुकतेच दारू सोडू पाहणाऱ्या माणसांसमोर त्यांनी दारूची चेष्टा मांडली.

ज्यांना क्रमांक दाखवायचाच नाही, त्यांच्यासाठी टेलिग्राम किंवा सिग्नल ही साधने अधिक सोयीची आहेत. तेथे क्रमांक झाकता येतो. पण साठीच्या पुढच्या शुभंकरांना नवे ॲप शिकवत बसणे सोपे नसते आणि गट ओस पडण्याचे भय असते. अशा वेळी जुनीच एक पद्धत उपयोगी पडते. सदस्याने आपला प्रश्न चालकाला खासगीत कळवायचा आणि चालकाने ‘एका सदस्याचा प्रश्न’ म्हणून तो गटासमोर ठेवायचा. वृत्तपत्रांतील सल्ल्याच्या सदरांनी पिढ्यान्पिढ्या हेच केले. ठरावीक दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोयही चालू करून ठेवावी. ती खोलीच्या विसरण्याची जागा थोडीफार भरून काढते. छायाचित्र काढणाऱ्याला ती अडवू शकत नाही, हे मात्र सदस्यांना स्पष्ट सांगावे.

नोंदणीचे अर्ज हा स्वतंत्र विषय होईल. संस्था उत्साहाने ऑनलाइन अर्ज बनवतात : पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, निदानाचा अहवाल. कशासाठी हवे, असे विचारले तर ‘असावे म्हणून’ हे उत्तर मिळते. ही यादी मग तीन-चार कार्यकर्त्यांच्या संगणकांवर फिरते, आणि जुना कार्यकर्ता सोडून गेल्यावरही त्याच्याकडे राहते. पहिले नाव, संपर्काचे साधन आणि साधारण अडचण एवढ्यावर बहुतेक गटांचे काम भागते. जे घेतलेच नाही, ते हरवत नाही.

गोपनीयतेला मर्यादा आहे आणि तीही आधीच ठरवून ठेवलेली बरी. मध्यरात्री एखादा सदस्य जीव देण्याची भाषा करू लागला, तर ‘येथले येथेच’ म्हणून गप्प बसणे हा गुन्हाच ठरेल. त्याच्या घरच्यांना कोणी कळवायचे, कोणाचा क्रमांक चालकाकडे ठेवायचा, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवले तर त्या रात्री घोळ होत नाही. शासनाची ‘टेली-मानस’ ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तो क्रमांक गटाच्या माहितीत वरच असावा. कळवायचे ते मात्र ज्याला कळवणे अवश्य आहे त्यालाच. सगळ्या गटाला ‘अमुक यांच्यासाठी प्रार्थना करा’ असा संदेश पाठवणे हे कळवणे नव्हे.

एका प्रसंगाचा विचार फारच थोडे गट करतात. सदस्य दिवंगत होतो. गटात श्रद्धांजलीचे संदेश येऊ लागतात आणि ते ज्या फोनवर येतात तो आता मुलाच्या किंवा जावयाच्या हाती असतो. वर बोट सरकवले की वर्षा-दोन वर्षांचे सारे बोलणे समोर येते : वडिलांनी घरी कधी न सांगितलेली भीती, सुनेविषयीचा एखादा कडवट शब्द, आणि त्याबरोबर इतर पंचवीस कुटुंबांची दुखणी. मुलगा ते वाचेल, त्याला दोष देता येत नाही. तो वडिलांना शोधत असतो. काही चालकांनी यावर एक क्रम ठरवून घेतला आहे. बातमी कळताच तो क्रमांक प्रथम गटातून काढायचा, मग घरी जाऊन कुटुंबाला भेटायचे, आणि मुलगा बोलण्याच्या मनःस्थितीत दिसला तर त्याला सांगायचे की फोनमध्ये आमचेही काही आहे, तेवढे न वाचता पुसून टाकाल का. पुष्कळ मुले हो म्हणतात. एखादा विचारतो, ‘बाबा तिथे काय बोलायचे?’ त्यावर चालकाने काय सांगायचे, हे अजून कोणत्याही गटाने नियमांत लिहिलेले नाही.